‘जा, पुडी घेऊन ये’ : सातपूरच्या एका शाळेतील तंबाखू-प्रतिबंध शिक्षणाचा प्रकरण अभ्यास

नाशिकमध्ये सातपूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला मराठी माध्यमाची एक शाळा आहे. वर्ग पाचवी ते दहावी, शाळा सकाळची. पालकांपैकी बरेच जण कंपन्यांत कंत्राटी कामगार आहेत. कुणी रिक्षा चालवतं, कुणी भाजीची गाडी लावतं. मूळ गाव कुणाचं खानदेशात, कुणाचं मराठवाड्यात, कुणाचं पेठ-सुरगाण्याकडे. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे. शाळेभोवतीची तंबाखूविक्रीला बंदी असलेली शंभर यार्डांची, म्हणजे साधारण ९१ मीटरची हद्द दाखवणारी पिवळी रेषाही मारलेली आहे. रेषेच्या आत टपरी आहे आणि तिथे गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांवरच तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकतात.

आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली, तिथून हे प्रकरण सुरू झालं. वर्गशिक्षिकेने विचारल्यावर तो म्हणाला, “बाई, माझी नाहीये. पप्पांची आहे. ते सेकंड शिफ्टला जातात ना, शाळा सुटल्यावर घरी न्यायची होती.” बाईंनी वर्गात सहज चौकशी केली, तर घरच्यांसाठी पुडी आणणं हे दूध-कोथिंबीर आणण्याइतकंच रोजचं काम निघालं. मुख्याध्यापिकांनी मुलाला शिक्षा केली नाही. पुढे जे काही करता आलं, ते या निर्णयामुळे. त्या दिवशी मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं असतं, तर नंतर एकाही प्रश्नावलीत एकाही मुलाने खरं लिहिलं नसतं.

शाळेत तंबाखूविरोधी कार्यक्रम आधीही व्हायचा. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणून शाळा उघडल्यावर जूनच्या अखेरीस एक व्याख्यान ठेवलं जायचं. पडद्यावर तोंडाच्या कॅन्सरची चित्रं, मग शपथ, मग पोस्टर स्पर्धा. व्याख्यानाआधी आणि नंतर दहा गुणांची चाचणी घ्यायची पद्धत होती. मुलं आधीच्या चाचणीतच जवळजवळ पूर्ण गुण मिळवायची. तंबाखूने कॅन्सर होतो हे नाशिकच्या आठवीतल्या मुलाला माहीत नाही, अशी कल्पना करणंच कठीण आहे. पुडीच्या ८५ टक्के दर्शनी भागावर २०१६ पासून तसंच चित्र आणि इशारा छापलेला असतो आणि पुडी रोज त्याच्या हातात असते. म्हणजे कार्यक्रम मुलांकडे आधीच असलेली गोष्ट देत होता, चाचणी तीच मोजत होती आणि अहवाल तेवढ्यावर समाधान मानत होता.

मी सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. मुख्याध्यापिकांच्या सांगण्यावरून विज्ञानाच्या बाई, पी.टी.चे सर, शाळेच्या समुपदेशक आणि मी अशी एक छोटी गटरचना झाली. आमचं पहिलं ठरलं ते एवढंच की, काय शिकवायचं हे आधी ठरवायचं नाही.

आधी विचारलं

मानसशास्त्रज्ञ आइसेक ॲजझेन यांच्या ‘थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेवियर’मध्ये, म्हणजे माणूस ठरवून कसा वागतो हे सांगणाऱ्या सिद्धान्तात, एक पायरी आहे, जी घाईत बहुतेक जण गाळतात. वर्तनामागच्या धारणा संशोधकाने टेबलाशी बसून लिहायच्या नसतात. ज्यांचं वर्तन आहे त्यांनाच मोकळे प्रश्न विचारून त्या गोळा करायच्या असतात. फायदे काय वाटतात, तोटे काय वाटतात, कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही, कशामुळे सोपं जातं, कशामुळे अवघड. आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, शिक्षक वर्गाबाहेर.

‘तोटे’ या प्रश्नाखाली अपेक्षेप्रमाणे कॅन्सर होता. ‘फायदे’ या प्रश्नाखाली जे आलं, ते कोणत्याही व्याख्यानात नव्हतं. तंबाखूने रात्रपाळीत झोप येत नाही. दाढदुखी थांबते. सकाळी पोट साफ होतं. भूक मारते. द्राक्षाच्या हंगामात मामाकडे दिंडोरीला कामाला गेलेल्या एका मुलाने लिहिलं होतं की, तंबाखू मळायला बसणाऱ्याला मुकादम काही बोलत नाही. नुसतं बसलेल्याला बोलतो. ही चिठ्ठी मी अनेकांना वाचून दाखवली आहे. तंबाखू इथे विश्रांती घेण्याचा परवाना आहे, हे त्या मुलाने हेरलं होतं. अशा मुलाला काळ्या पडलेल्या जबड्याचं चित्र दाखवून त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मुलींच्या चिठ्ठ्यांमधून दुसरीच गोष्ट पुढे आली. बहुतेकींनी ‘आमच्या घरात कुणी तंबाखू खात नाही’ असं लिहिलं होतं. समुपदेशक बाईंनी गटात बसून वेगळ्या पद्धतीने विचारलं, “घरात सकाळी दात कशाने घासतात?” तेव्हा आजी, आई, काकू, आणि दोघी-तिघींच्या बाबतीत त्या स्वतः, मशेरी लावतात असं कळलं. तंबाखू भाजून केलेली ही पूड कित्येक घरांत व्यसन मानली जात नाही. ती दात घासण्याची वस्तू आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं आढळलं होतं. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ एवढाच प्रश्न ठेवला, तर यातल्या कितीतरी जणी कागदावर निर्व्यसनी ठरतील.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण ३.८ टक्के होतं आणि धूरविरहित तंबाखूचं २४.४ टक्के. तरी शाळांमध्ये दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितींत खलनायक बहुधा सिगारेट असते. ज्या राज्यात सवयीचा मोठा भाग तळहातावर मळला जातो, तिथे धुराबद्दल तासभर बोलणं म्हणजे मुलाला ‘हे आपल्याबद्दल नाही’ असं सांगणंच आहे.

कोणता सिद्धान्त कशासाठी

वर्तनबदलाचे सिद्धान्त अनेक आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ तयार झालं, ते लोक क्षयरोगाच्या मोफत एक्स-रे तपासणीला का येत नाहीत या प्रश्नातून. धोका किती वाटतो, तो किती गंभीर वाटतो, फायदे आणि अडथळे काय, हे त्याचे घटक. जुना कार्यक्रम नकळत या मॉडेलच्या पहिल्या दोन घटकांवरच उभा होता आणि तिथे वाढायला जागाच उरली नव्हती. शिवाय भीती दाखवण्यावरचं संशोधन हेही सांगतं की, भीती वाढवली आणि ‘मी हे टाळू शकतो’ हा विश्वास दिला नाही, तर माणूस संदेशालाच टाळतो. मुलं ती चित्रं आली की हसायची. शिक्षकांना तो वात्रटपणा वाटायचा. मला तो स्वतःला वाचवण्याचा प्रकार वाटतो, कारण त्यातल्या अनेकांच्या घरी तंबाखू खाणारा माणूस त्यांचा सर्वांत जवळचा माणूस होता.

सवय एका झटक्यात नव्हे, टप्प्याटप्प्याने सुटते असं मानणारं प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांचं ‘बदलाच्या टप्प्यां’चं मॉडेल १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्या लोकांच्या अभ्यासातून पुढे आलं. ज्याने सुरुवातच केलेली नाही, त्याच्यासाठी ते फारसं उपयोगी नाही. ते आम्ही राखून ठेवलं आधीच खाणाऱ्या मोजक्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी. या मोठ्यांत शाळेतले एक शिक्षकही होते. मुलांना ते माहीत होतं, शिक्षकांनाही मुलांना माहीत आहे हे माहीत होतं. बिहारमधल्या शाळांत शिक्षकांसाठी खास कार्यक्रम राबवला गेला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले: कार्यक्रम संपताना त्या शाळांतल्या तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्क्यांनी महिनाभर तंबाखू सोडली होती, तुलनेसाठी घेतलेल्या, कार्यक्रम न झालेल्या शाळांत १५ टक्क्यांनी. आमच्या सरांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर, फोन केला. सोडली, दिवाळीत पुन्हा सुरू झाली, पुन्हा सोडली. टप्प्यांच्या मॉडेलमध्ये ही घसरण अपेक्षितच असते, आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं असल्यामुळे दुसऱ्यांदा प्रयत्न करायला ते कचरले नाहीत.

मुख्य आधार घेतला तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या सामाजिक-संज्ञानात्मक सिद्धान्ताचा (माणूस इतरांना पाहून आणि स्वतः करून शिकतो) आणि त्यातल्या स्वक्षमतेच्या, म्हणजे ‘मला हे जमेल’ या विश्वासाच्या कल्पनेचा. त्याला जोड होती ‘सामाजिक लसीकरणा’ची. विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही कल्पना रिचर्ड इव्हान्स यांनी १९७० च्या दशकात ह्यूस्टनच्या शाळांमध्ये धूम्रपान-प्रतिबंधासाठी वापरली: आग्रहाचा सौम्य डोस आधीच द्यायचा आणि त्याला उत्तर देण्याचा सराव करून घ्यायचा. तिसरा धागा समजुतींचा. मुलांना वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात तंबाखू वापरणारे कमी असतात, ही दरी दाखवणं.

इथे मात्र पाश्चात्त्य कार्यक्रम जसाच्या तसा उचलला असता तर फसला असता. तिकडचा आग्रह करणारा म्हणजे बरोबरीचा मित्र. त्याला ‘नाही’ म्हणायचं कसं, याचे धडे असतात. सातपूरच्या मुलाच्या हातात तंबाखू पहिल्यांदा येते ती वडिलांच्या, काकांच्या, शेजारच्या आजोबांच्या सांगण्यावरून. ‘जा रे, पुडी घेऊन ये’ या वाक्याला आपल्याकडे नकार देता येत नाही. तो उद्धटपणा ठरतो. पुडी आणता-आणता टपरीवाला ओळखीचा होतो, उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी मिळते, मळून देण्याची कला येते, आणि एक दिवस चिमूट ओठाखाली जाते. मुलाला वडिलांसमोर नकाराचं भाषण करायला शिकवणारा कार्यक्रम एक तर पाळला जाणार नाही, किंवा पाळला तर मुलगा मार खाईल. दोन्ही आम्हाला नको होतं.

काय केलं

तासिका आठवड्याला एक, शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. गटप्रमुख निवडताना हुशार मुलं घेतली नाहीत. वर्गाला गुप्तपणे विचारलं, “अडचण आली तर वर्गात कुणाशी बोलतोस?” ज्यांची नावं वारंवार आली ती मुलं-मुली घेतली. त्यात नेहमी मागच्या बाकावर बसणारे दोघे होते, शिक्षकांच्या भुवया उंचावल्या, पण पुढे सर्वांत चांगले गट त्यांचेच चालले.

‘दहा जणांपैकी किती?’ ही तासिका सर्वांत गाजली. प्रत्येकाने आधी अंदाज लिहायचा: महाराष्ट्रातल्या दहा मोठ्या माणसांपैकी किती जण कोणत्याही प्रकारची तंबाखू घेतात? सहा, सात, काहींनी नऊ लिहिले. सर्वेक्षणाचा आकडा २६.६ टक्के आहे, म्हणजे दहात तिघांहून कमी. देशातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांत २०१९ च्या सर्वेक्षणानुसार ८.५ टक्के. वर्गात खरोखर गोंधळ झाला. एक मुलगी म्हणाली, “पण आमच्या गल्लीत तर सगळेच खातात.” तिला खोडून काढलं नाही. तिच्या गल्लीत ते खरं असू शकतं. मग मुलांनी स्वतःच्या गल्लीत न खाणारी मोठी माणसं शोधायची, ती का खात नाहीत हे विचारून यायचं, असा गृहपाठ दिला. न खाणारी माणसं दिसत नाहीत, कारण ती त्या क्षणी काहीच करत नसतात. मुलांना ती पहिल्यांदा मोजावी लागली.

नकाराचा सराव मित्रापुरता ठेवला. “घे रे भावा, एक चिमूट, काय होतंय?” या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते मुलांनीच तयार केलं. आमची पुस्तकी उत्तरं त्यांनी बाजूला सारली. “मॅच आहे, दम लागतो” हे टिकलं. “तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे” ऐकून वर्ग हसला. प्रत्येकाने निदान दोनदा उभं राहून करून पाहायचं, कारण बांडुरा यांच्या मांडणीत स्वक्षमतेचा सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव.

मोठ्यांच्या हुकमाचा भार मुलांवरून काढून मोठ्यांवर ठेवला. पालक सभेत ‘तंबाखू सोडा’ असं म्हटलंच नाही. वर्तन ठरवताना कृती, लक्ष्य, संदर्भ आणि वेळ नेमकी असावी, या नियमाप्रमाणे मागणी एकच होती: मुलाला पुडी आणायला पाठवू नका. एक वडील उठून म्हणाले, “मॅडम, पोराला पाठवलं तर काय बिघडलं? तो खातो थोडाच?” त्यांना उत्तर मी दिलं नाही, एका आईने दिलं. तिचा थोरला मुलगा असाच आणता-आणता खायला लागला होता. सभेचा सूर तिथे बदलला. कायदाही सांगितला, धमकीच्या सुरात नव्हे: २००३ च्या कोटपा या तंबाखू-नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकणं गुन्हा आहे, ती कुणासाठी नेतोय याने फरक पडत नाही, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

मुख्याध्यापिका आणि दोन पालक टपऱ्यांवरही गेले. एका टपरीवाल्याने मुलांना पुडी न देण्याचं मान्य केलं आणि तसा फलक लावला. त्यामुळे मुलाला घरी सांगायला एक खरं आणि आदब राखणारं वाक्य मिळालं: “पप्पा, काका मला देत नाहीत.” नकार मुलाचा उरला नाही. दुसऱ्या टपरीवाल्याने ऐकलं नाही. पुडीसाठी येणारं गिऱ्हाईकच चहा-बिडी घेतं, माझं पोट त्यावर आहे, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि तो प्रश्न शाळेच्या हातातला नाही. हद्दीतली टपरी हलवणं हे महापालिकेचं आणि पोलिसांचं काम आहे. शाळेने लेखी अर्ज दिला आहे.

मोजलं कसं

सिद्धान्त निवडला की मोजमापाचा आराखडाही ठरतो, आणि याच जागी बहुतेक शालेय कार्यक्रम ढेपाळतात. कार्यक्रम स्वक्षमता वाढवण्यासाठी असेल, तर चाचणीत कॅन्सरचे प्रकार विचारून चालणार नाही. आम्ही ज्ञानाचे प्रश्न थोडेच ठेवले. बाकी प्रश्न होते: दहात किती जण घेतात असं वाटतं, मित्राने दिली तर नाही म्हणणं किती जमेल, मोठ्यांनी आणायला सांगितली तर टाळणं किती जमेल, आणि ‘जवळच्या मित्राने दिली तर घेशील का?’ या शेवटच्या प्रश्नाला चार पर्याय होते, नक्कीच नाही, बहुतेक नाही, बहुतेक हो, नक्कीच हो. पिअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की ‘बहुतेक नाही’ म्हणणारी मुलंही पुढे सुरुवात करण्याच्या दृष्टीने धोक्यात असतात. म्हणून सुरक्षित गटात फक्त ‘नक्कीच नाही’ मोजलं. मशेरीचा प्रश्न वेगळा, तिच्या नावाने.

नाव न लिहिता आधीचा आणि नंतरचा कागद जुळवण्यासाठी प्रत्येकाने स्वतःचा संकेत बनवला: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा अंक, भावंडांची संख्या. भरलेले कागद मुलांनी स्वतः पाकिटात घालून बंद केले. तुलनेसाठी त्याच शाळेची दुसरी तुकडी घेतली नाही, कारण दोन्ही तुकड्या एकाच मैदानावर खेळतात, एकाच रिक्षातून घरी जातात. एका तासाला ऐकलेलं दुसऱ्या तासाला शेजारच्या वर्गात पोचतं. जवळच्या वस्तीतली तशीच दुसरी शाळा यासाठी राजी झाली, तिथे नेहमीचं व्याख्यान चालू राहिलं आणि नंतर पूर्ण कार्यक्रम देण्याचं ठरलं. तासिका ठरल्याप्रमाणे होतात का, हे पाहायला निरीक्षक बसवला. एका वर्गात सरावाची तासिका हळूहळू व्याख्यानच होऊन गेल्याचं त्यातूनच कळलं. ते न कळता निकाल कमी आला असता, तर दोष सिद्धान्ताला गेला असता.

काय हललं, काय नाही

ज्ञान जिथे होतं तिथेच राहिलं. दहापैकी किती हा अंदाज स्पष्टपणे खाली आला. मित्राला नकार देण्याचा विश्वास वाढला, तुलनेच्या शाळेत तो वाढला नाही. मोठ्यांच्या बाबतीतला विश्वास वर्गातल्या तासिकांनंतर जवळजवळ तसाच होता. पालक सभा आणि टपरीच्या फलकानंतर हलला, तोही ज्या मुलांचे पालक सभेला आले होते त्यांच्यात जास्त. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निकाल हाच आहे. ज्या वागण्याची चावी मोठ्यांच्या हातात आहे, ते मुलांच्या मनावर कितीही काम करून बदलत नाही.

प्रत्यक्ष तंबाखू वापर कमी झाला असा दावा आम्ही केलेला नाही. दोन शाळांवरून तसा निष्कर्ष काढताच येत नाही. खाणारी मुलं मुळात मोजकी, आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असल्याने दोनशे मुलं म्हणजे दोनशे स्वतंत्र पुरावे होत नाहीत. हा दावा करण्यासाठी किती मोठं काम लागतं, हे पाहण्यासारखं आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये २००४ ते २००६ या काळात ‘मायत्री’ हा प्रकल्प झाला. वर्गातले धडे, पोस्टर, पालकांना पोस्टकार्ड आणि मुलांचं स्वतःचं जनजागरण असा त्याचा चौफेर आराखडा होता. दोन वर्षांत तुलनेच्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, कार्यक्रमाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला. याउलट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तिसरीपासून बारावीपर्यंत चाललेल्या हचिन्सन प्रकल्पात ४० शालेय जिल्हे होते, सामाजिक प्रभावाचाच, म्हणजे आजूबाजूच्यांच्या आग्रहाला तोंड द्यायला शिकवण्याचा सिद्धान्त होता, आणि २००० मध्ये आलेल्या निकालात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. तो कार्यक्रम जवळजवळ सगळा वर्गातच होता. या दोन प्रकल्पांच्या देश-काळात बरंच अंतर आहे, तरी सातपूरचा अनुभव मला पहिल्याच्या बाजूने झुकवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा तीच प्रश्नावली दिली. मित्राला नकार देण्याचा विश्वास थोडा उतरला होता, विशेषतः सुट्टीत गावी किंवा द्राक्षबागेत राहून आलेल्या मुलांचा. अंदाजाचा आकडा मात्र फारसा बदलला नव्हता. म्हणून या वर्षी जूनमध्ये व्याख्यानाच्या जागी सरावाच्या उजळणी-तासिका ठेवल्या आहेत, आणि पहिली पालक सभा शाळा उघडल्याच्या महिन्यातच, सेकंड शिफ्टवाल्यांना येता यावं म्हणून सकाळी. मशेरीसाठी आयांचा वेगळा गट समुपदेशक बाई घेणार आहेत. तिथे सुरुवात दातांपासून होईल. दुसऱ्या टपरीबद्दलचा अर्ज अजून प्रलंबित आहे.